शिबिरातल्या रक्ताचा प्लाझ्मा औषध कंपन्यांना विकावा का?

शिबिरकर (धागाकर्ता): अठरा वर्षं गणपती आणि शिवजयंतीच्या शिबिरांत रक्त देतोय. यंदा कळलं, की उरलेला प्लाझ्मा रक्तपेढ्या औषध कंपन्यांना लिटरच्या भावाने देतात. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालाने बंद झालं, योग्यच झालं. मग मी फुकट दिलेल्याचा पुढे भाव कसा लागतो? ही विक्री थांबवावी.

जुना तंत्रज्ञ: दादा, रक्तपेढीत बावीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. पिशवी यंत्रात फिरवली की खाली तांबड्या पेशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो. पिशवी दाबून तो नळीवाटे दुसऱ्या पिशवीत घ्यायचा आणि गोठवायचा. रक्ताचा निम्म्याहून जास्त भाग हाच, पण मागणी तांबड्या पेशींना. मग प्लाझ्मा साठतो आणि वर्षभरात मुदत संपते. धडधाकट माणसांनी दिलेल्या त्या पिशव्या टाकताना माझा जीव तुटायचा.

लेकाची आई: माझ्या मुलाला हिमोफिलिया आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही. गुडघ्यात रक्त उतरलं की रात्रभर पाय धरून रडायचा. रक्त गोठवणारं प्रथिन, फॅक्टर ८, मिळालं नाही की प्लाझ्मा चढवायचे. पण त्यात मिलिलीटरमागे फॅक्टर साधारण एक युनिट. ५०० युनिटांसाठी अर्धा लिटर! एवढ्याशा पोराच्या अंगात किती ओतणार? कारखान्यातून तेच, प्लाझ्मातून काढलेलं, छोट्या कुपीत, विषाणू निष्क्रिय करून येतं. थांबवा म्हणण्याआधी आमच्या घरी या.

ठाम विरोध: ताई, तुमचे हाल कळतात. पण फॅक्टर ८ आता प्लाझ्माशिवायही बनतं. आणि माझ्या वडिलांना यकृताच्या दुखण्यात अल्ब्युमिन, म्हणजे प्लाझ्मातूनच काढलेलं प्रथिन, लागलं, तेव्हा बाटलीमागे हजारो रुपये मोजले. दान लोकांचं, नफा कंपनीचा. हे मला पटत नाही.

लेकाची आई: बनतं, खरंय. पण इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडांचं औषध? ज्या मुलांच्या शरीरात जंतूंशी लढणारी ही प्रतिपिंडं नीट तयारच होत नाहीत, त्यांचं सगळं त्याच्यावर चालतं, आणि ते हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करूनच काढतात. किमतीसाठी भांडा, मी तुमच्यासोबत येते.

शिबिरकर: पिशव्या टाकून देतात हे ठाऊक नव्हतं. ‘थांबवा’ हा शब्द मागे घेतो. पण अर्जावर बारीक टाइपात ओळ असली तरी सही घेताना तोंडी सांगा. किती लिटर दिला, पैसे कशावर खर्च झाले, ते पेढीच्या दारात फलकावर लावा. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

ठाम विरोध: फलकाने बाटली स्वस्त होणार नाही. दात्यांच्या प्लाझ्मापासून बनलेलं औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळेपर्यंत माझा विरोध कायम.