कन्सेशन म्हणजे सवलत? गोव्याच्या खाणींची शब्दचर्चा

प्रश्न : गोव्यातील खाणींच्या खटल्यांविषयी मराठीत वाचताना 'पोर्तुगीजकालीन खाण सवलती' असा शब्दप्रयोग वारंवार दिसतो. मला तो खटकतो. सवलत म्हणजे सूट, आणि इथे तर जमिनीखालचे लोहखनिज काढण्याचा हक्क आहे. 'कन्सेशन'ला नेमके काय म्हणावे? आणि 'डीम्ड लीज'ला?

प्रतिसाद 1 : खटकायलाच हवा. पोर्तुगीजांच्या 'कन्सेसांव' या शब्दात देणे, बहाल करणे हा अर्थ आहे, दर कमी करणे नव्हे. 1906 च्या पोर्तुगीज खाण कायद्याखाली दिलेल्या या हक्काला मुदतच नव्हती. त्यामुळे 'मक्ता' किंवा 'ठेका' हेही चालणार नाही, कारण मक्ता आज ना उद्या संपतो. मी 'खाणसनद' सुचवेन. राज्यकर्त्याने लेखी बहाल केलेला हक्क म्हणजे सनद, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही.

प्रतिसाद 2 : सनद शब्द चांगला आहे, पण त्याला ऐटबाज वास येतो. बातमीत सरळ 'कन्सेशन' लिहावे, गोव्यात लोक तेच म्हणतात. मात्र 1987 पूर्वीच्या काळाबद्दल लिहिताना 'पट्टा' (लीज) अजिबात वापरू नये. भारतीय खनिज कायदा गोव्याला 1963 पासून लागू झाला, आणि 1975 मध्ये केंद्राच्या अधिकाऱ्यांनी ही कन्सेशन्स म्हणजे पट्टेच, असे धरून पावले टाकली. मुंबई उच्च न्यायालयाने 1983 मध्ये ते अमान्य केले. कन्सेशन वेगळे, पट्टा वेगळा. ज्या फरकावर धारकांनी खटला जिंकला, तो फरक आपण भाषांतरात पुसून टाकायचा?

प्रतिसाद 3 : आणि म्हणूनच संसदेला 1987 चा कायदा करावा लागला. त्याच्या नावातच दोन क्रिया आहेत : कन्सेशन्स रद्द करणे आणि ती खाणपट्टे म्हणून घोषित करणे. तीही 20 डिसेंबर 1961 पासून, म्हणजे मुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून. 'डीम्ड'ला 'तथाकथित' किंवा 'गृहीत' म्हणू नये. 'मानीव' हाच शब्द. 'मानीव अभिहस्तांतरण' (डीम्ड कन्व्हेयन्स) सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. मानीव म्हणजे खोटे नव्हे. वस्तू मुळात तशी नसली तरी कायद्याने तशी मानली, की तिला त्या वस्तूचे सगळे नियम लागतात.

इथे त्या नियमांत मुदत आली, आणि सगळा वाद तिथून पुढे वाहतो. सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात सांगितले की मानीव पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 1987 ला संपली, 20 वर्षांचे पहिले नूतनीकरण 22 नोव्हेंबर 2007 ला संपले, आणि त्यानंतर सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद होईपर्यंत झालेले उत्खनन बेकायदा होते. कायमचा म्हणून मिळालेला हक्क एका विशेषणाने मुदतीत आला. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या ज्या गावांत शेतात गाळ आणि विहिरी कोरड्या, त्यांच्यासाठी हा काही व्याकरणाचा प्रश्न नाही. म्हणून हा शब्द जपून वापरावा असे मला मनापासून वाटते.

मूळ प्रश्नकर्ता : आभार, 'मानीव खाणपट्टा' पक्के. पण मग 2018 च्या निकालात 'नूतनीकरण' रद्द झाले म्हणतात ते कोणते?

प्रतिसाद 3 : दुसरे. राज्य सरकारने 88 पट्ट्यांचे दुसऱ्यांदा नूतनीकरण केले. त्यातली बरीच सही-शिक्क्यांची घाई, खनिजपट्टे लिलावानेच द्यावेत हा वटहुकूम जानेवारी 2015 मध्ये येण्याच्या तोंडावर झाली. न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 ला ती सर्व रद्द केली. नवे पट्टे आणि नव्या पर्यावरण मंजुऱ्या हव्यात असे सांगितले आणि 16 मार्चपासून उत्खनन थांबवले. म्हणून 'नूतनीकरण' आणि 'नवा पट्टा' ही जोडी एकमेकांच्या जागी लिहू नका. 'पट्ट्यांना मुदतवाढ' हेही टाळा, ती तिसरीच गोष्ट.

प्रतिसाद 2 : एक भर. 2018 नंतरच्या बातम्यांत जुन्या धारकांना नुसते 'खाणपट्टेधारक' म्हणणे चूक, 'माजी पट्टेधारक' लिहावे. पुढे झालेल्या लिलावांत काही जुन्याच कंपन्यांनी बोली जिंकली, त्यामुळे एकच कंपनी एका ठिकाणी माजी आणि दुसऱ्या ठिकाणी नवी पट्टेधारक असू शकते. अशा वेळी खाणीचे किंवा ब्लॉकचे नाव द्यावे.