अकरा वाजताची थरथर आणि सकाळचा नाश्ता

तुम्ही लिहिलंय की आठला पोहे आणि गोड चहा घेतला की अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम फुटतो. त्यावर बहुतेकांनी सुचवलंय की खिशात चॉकलेट ठेवा. त्या क्षणी साखर लागतेच, पण रोजचा उपाय म्हणून ती घेऊ नका. पोहे, साखर, बिस्किटं पटकन पचतात, रक्तातली साखर झर्रकन वर जाते, त्यावर इन्सुलिन (साखर खाली आणणारं संप्रेरक) जास्त सुटतं आणि दोन-चार तासांत साखर खाली येते. चॉकलेटनंतर हेच चक्र पुन्हा सुरू होऊ शकतं.

मला स्वतःला फरक पडला तो नाश्ता बदलल्यावर. पोहे सोडले नाहीत, अर्धे केले. भरपूर शेंगदाणे, वाटीभर मटकीची उसळ, नाहीतर दोन अंडी. चहा बिनसाखरेचा आणि खाल्ल्यानंतर. साडेदहाला मूठभर फुटाणे. जेवताना आधी कोशिंबीर-उसळ, भात शेवटी. उपासाला नुसती साबुदाण्याची खिचडी मात्र मला अजूनही सोसत नाही, सोबत दही लागतंच.

थरथर होईल तेव्हाच ग्लुकोमीटरवर (घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र) तपासा. साखर ७० (mg/dL) च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी पोटभरीचं खा. आकडा ५५ च्या खाली गेला, उपाशीपोटी किंवा झोपेत त्रास झाला, चक्कर येऊन पडलात किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर कृपा करून आधी डॉक्टरांना भेटा.