गेटच्या केबिनमध्ये पडून राहिलेल्या थायरॉइडच्या गोळ्या

सुलभाकाकू, बी-304: सगळ्यांना नमस्कार. माझ्या थायरॉइडच्या गोळ्यांचं पार्सल शनिवारपासून गेटच्या केबिनमध्ये पडून होतं. आज मंगळवार. वर टिनाचं छत, बाहेर नवतपा. खोका उचलला तर हाताला चटका बसला. एक फोन करता येत नव्हता कोणाला?

सेक्रेटरी: नमस्कार काकू. गार्डने इंटरकॉम केला होता, आपण उचलला नाही असं तो म्हणतो.

सुलभाकाकू: इंटरकॉम दिवाळीपासून बंद आहे. तुम्हालाच लेखी दिलंय.

देवधरकाका, ए-101: केबिनवर शेड टाका हे मी मागच्या एजीएममध्ये मांडलं होतं. मिनिट्स काढून बघा.

हर्षल, सी-502: काकू, गोळ्यांचे पापड झाले असतील 😄

सुलभाकाकू: हर्षल, तुझ्या आईला विचार थायरॉइड म्हणजे काय असतं ते.

हर्षल: सॉरी काकू 🙏

वंदनाताई, ए-403: म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, नॅचरल घ्या. माझी नणंद न्यू जर्सीहून आणते. केमिकलच नाही, तर खराब काय होणार? दोन वर्षांपूर्वीची बाटली अजून चालू आहे.

मृणाल, सी-102: वंदनाताई, माफ करा, पण मी फार्मसीत काम करते, हे असं सोडवत नाही. ती गोळी म्हणजे डुकराच्या थायरॉइड ग्रंथीची वाळवलेली पूड. त्यात टी4 आणि टी3 दोन्ही हॉर्मोन. आपल्याकडच्या साध्या गोळीत फक्त टी4, कारखान्यात बनवलेलं. ऊन, दमटपणा, उजेड दोन्हींना बाधतो. एक्सपायरी दोन्हींवर छापलेली असते, ती आधी बघा.

वंदनाताई: डुकराच्या???

नानाजी, बी-201: अरे देवा. वहिनी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येऊ देत नाहीत.

वंदनाताई: नानाजी, माझ्या घरात काय येतं याचा हिशेब तुम्ही ठेवू नका. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मृणाल: ताई, सांगायला हवं होतं, हक्कच आहे तुमचा. बाटलीवर ‘पोर्साइन’, म्हणजे डुकराचं, असं लिहिलंय का बघा.

वंदनाताई: ...आहे. बारीक अक्षरात.

देवधरकाका: शेडचा मुद्दा बाजूला पडतोय. मिनिट्स बघा.

वंदनाताई: पण मृणाल, पूर्वी हेच देत होते ना लोकांना? तेव्हा चालत होतं.

मृणाल: देत होते. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिला रुग्ण सुधारला. प्रयोगशाळेत टी4 बनलं 1927 मध्ये. आजही काहींना ग्रंथीचीच गोळी बरी वाटते, तो त्यांचा आणि डॉक्टरांचा प्रश्न. माझं म्हणणं टिकण्याबद्दल आहे. पूर्वी त्या पुडीची ताकद आयोडीन मोजून ठरवायचे. हॉर्मोन बिघडला तरी आयोडीन तसंच राहतं, म्हणजे कागदावर गोळी उत्तम आणि पोटात अर्धवट. आणि 2020 मध्ये अमेरिकेत एनपी थायरॉइड या ग्रंथीच्याच गोळीच्या काही बॅचेस परत मागवल्या. मे महिन्यात हॉर्मोन लेबलपेक्षा जास्त निघालं, 115 टक्क्यांपर्यंत. सप्टेंबरमध्ये कमी, 87 टक्क्यांपर्यंत.

हर्षल: म्हणजे आपलीच चांगली. विषय संपला.

मृणाल: नाही रे. टी4 मुळातच नाजूक. कारखान्याच्या गोळ्याही पूर्वी इतक्या कमीजास्त निघायच्या की 1997 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, सगळ्या कंपन्यांना नव्याने मंजुरी घ्यायला लावली. 2007 मध्ये नियम आणखी घट्ट केला: एक्सपायरीच्या दिवसापर्यंत ताकद 95 ते 105 टक्क्यांतच हवी. पण हे सगळं बाटली लेबलप्रमाणे ठेवली तर. टिनाखालच्या केबिनची हमी कोणी देत नाही.

सुलभाकाकू: मग या फेकू का? दिसायला तर तशाच पांढऱ्या आहेत. बाटलीतली ओल शोषणारी पुडीसुद्धा कोरडी आहे.

मृणाल: काकू, दिसून कळत नाही, तीच अडचण आहे. घेतल्यावरही लगेच कळत नाही. टी4 अंगातून निम्मं जायलाच आठवडाभर लागतो. गोळी कमजोर असली तर थकवा हळूहळू येतो आणि आपण म्हणतो उन्हाळ्यानं होऊन राहिलं. जिथून मागवल्या त्यांना फोटो पाठवून बदलून मागा. तोवर दुकानातून घ्या, डोस चुकवू नका आणि मनाने वाढवूही नका. टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची, रक्ततपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा.

नानाजी: आमची ही फ्रिजमध्ये ठेवते. बरोबर ना?

मृणाल: लेबलवर लिहिलं असेल तरच. सारखी आतबाहेर केली की बाटलीत पाणी सुटतं. कूलरच्या खोलीतही नको, फार ओल असते. ओट्यावरही नको. आतल्या खोलीतलं कपाट बरं. आणि बाटलीतून काढून चांदीच्या डबीत भरू नका, कोणाला बोलतेय ते कळलं असेल 🙂

सुलभाकाकू: कळलं गं. सासूबाईंची डबी आहे ती.

देवधरकाका: केबिनवर शेड टाका हे मी मागच्या एजीएममध्ये मांडलं होतं. मिनिट्स काढून बघा.

सेक्रेटरी: काका, तिसऱ्यांदा वाचलं. शेडचं कोटेशन 2 जूनच्या मीटिंगला ठेवतो. आजपासून औषधाचं पार्सल आलं की गार्ड मोबाइलवर फोन करेल. सगळ्यांनी नंबर द्या.

सुलभाकाकू: माझा नंबर तुमच्याकडे सहा वर्षं आहे. मेंटेनन्ससाठी बरा लागतो.

वंदनाताई: मृणाल, संध्याकाळी घरी आहेस का? बाटली घेऊन येते. डॉक्टरांना काय सांगायचं ते जरा लिहून दे.

मृणाल: या ना ताई. जुने रिपोर्टही आणा. आणि ती आजच एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

सुलभाकाकू: मृणाल, दुकानात जाशील तेव्हा माझीही एक आण. एकाच महिन्याची, तीन महिन्यांची नको.