लाजाळू पोरांनी म्हणे घरी बसावं!

शिफ्टवाला (धागाकर्ता)

परवा 'निवृत्त फोंडेकर' यांनी लिहिलं: "आजची पोरं पहिल्या नोकरीत महिना महिना तोंड उघडत नाहीत. चारचौघांत बोलायची लाज वाटते तर घरी बसावं. आम्हाला साहेब पहिल्याच दिवशी झापायचे, त्यातून घडलो." खाली अंगठ्यांचा ढीग. मग राहवलं नाही.

मी गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आमच्याकडे नवा ट्रेनी गप्प राहिला तर बॅच अडकते. रीडिंग विचित्र आलं, विचारायला धजला नाही, तसंच पुढे ढकललं, की नंतर डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपेक्षा वेगळं घडल्याची नोंद, आणि चौकशी. तो का विचारत नाही? कारण मागे विचारलं तेव्हा सगळ्यांदेखत "हे कॉलेजात शिकवलं नाही?" असं ऐकून घ्यावं लागलं. झापून पोरं घडत नाहीत, चूक लपवायला शिकतात. आमच्या नोंदवहीचा नियम बघा: चुकलं तर व्हाइटनर लावायचा नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. माणूस चुकणार हे कागद धरून चालतो, साहेब चालत नाहीत.

नव्यांना माझं सांगणं एवढंच. मीटिंगला जाताना पहिलं वाक्य लिहून न्या. तिथे नाही जमलं तर नंतर टेबलापाशी जाऊन विचारा, पण त्याच दिवशी. धीर आधी येईल मग काम करू, असं होत नसतं.

निवृत्त फोंडेकर

नोंदवहीचं कौतुक पुरे. मी खात्यात लागलो तेव्हा टिपणी फाडून टेबलावर टाकायचे. परत लिहायची. परत फाडायचे. आज माझ्यासारखी टिपणी लिहिणारा एक जण दाखवा.

आणि लाज कसली? हीच पोरं जत्रेच्या नाटकात रात्री दोन वाजता अख्ख्या गावापुढे तलवार उपसून गर्जना करतात. ऑफिसातच बरी दातखीळ बसते!

कुळागर

नाटकाचं काढलंत म्हणून बोलतो, सावईवेऱ्यात आमच्या अंगणात तालमी व्हायच्या. काका, महिनाभर तालीम असते. संवाद दुसऱ्याने लिहिलेले, विंगेत प्रॉम्प्टर उभा. अडखळला तरी गाव सांभाळून घेतो, वर दुसऱ्या दिवशी "बरें केलें रे" म्हणतो. ऑफिसात पहिल्या सकाळी लॅपटॉप हातात देतात आणि 'इंट्रोड्यूस युअरसेल्फ'. प्रॉम्प्टर कुठाय?

मांडवीकाठ

थोडं अभ्यासाचं बोलू या का? कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. विद्यार्थ्याला ओशाळवाणं वाटेल असा टी-शर्ट घालून मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं निम्म्यांनी तरी पाहिलं असणार, प्रत्यक्षात पाव भागाच्याच लक्षात आलं. लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं तितकं बघत नाहीत. आणि 'मी इथे चुकून आलोय, आता पकडला जाणार' ही भावना क्लान्स आणि आइम्स यांनी १९७८ सालीच मांडली. त्यांनी अभ्यासल्या त्या कर्तबगार, यशस्वी स्त्रिया होत्या. म्हणजे शंका येते म्हणून लायकी नाही, असं नव्हे.

निवृत्त फोंडेकर

तो टी-शर्ट घालून आमच्या साहेबांपुढे उभं राहायचं होतं. शंभर टक्के लक्ष गेलं असतं.

काउंटरवाली

माझा अनुभव ऐका. पहिली नोकरी बँकेत, सत्तरी तालुक्यात. काउंटरवर मी एक नंबर. आज्जी येऊन "बाय, पेन्शन पडलें मगो?" विचारायच्या, मी हसत उत्तर द्यायची. पण विभागीय आढावा बैठक इंग्रजीत. तिथे मी मुकी. आकडे माझ्याच शाखेचे, माझेच तयार केलेले, आणि ते वाचून दाखवायचा शेजारचा. मी लाजाळू आहे की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. माझी वाचा बसली ती नोकरीत नाही हो, पाचवीत. चौथीपर्यंत मराठीतून हात वर करून करून दमवायची मी बाईंना. पाचवीत सगळं इंग्रजी झालं आणि हात खाली आला तो आलाच.

कुळागर

हे मात्र शंभर नंबरी. वर्गातली अर्धी पोरं पाचवीत गप्प झाली.

निवृत्त फोंडेकर

आलात ना मुद्द्यावर! म्हणूनच १९९० साली प्राथमिकचं अनुदान फक्त मराठी-कोंकणी शाळांना दिलं ते बरोबर होतं. २०११ मध्ये इंग्रजीलाही देऊन बसले.

मांडवीकाठ

उलट आहे काका. पाचवीत जर इंग्रजीच येणार, तर पहिलीपासून का नको? गरिबाच्या पोराला चार वर्षं मराठीचा अभिमान द्यायचा आणि मग पाण्यात ढकलायचं. तुमची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत?

निवृत्त फोंडेकर

वैयक्तिक जाऊ नका.

मांडवीकाठ

म्हणजे इंग्रजी. कळलं.

निवृत्त फोंडेकर

सुनेचा निर्णय. माझं घरात कोण ऐकतं? आणि माध्यम बदलायचंच तर पाचवीनंतर मराठी चालू ठेवा. दहावीपर्यंत मातृभाषेतून शिकलेली पोरं महाराष्ट्रात इंजिनिअर होतात.

कुळागर

मातृभाषा म्हणजे कुठली? माझ्या घरी कोंकणी बोलतात, पेपर मराठी येतो. हा खटला १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून चाललाय, इथे सुटणार नाही.

कंत्राटी

माध्यम, टी-शर्ट, जत्रा... अरे, मूळ गोष्ट कोणी बोलणार का? मी वर्षानुवर्षं 'ट्रेनी'. दर थोड्या महिन्यांनी कागद नवा. तोंड उघडलं तर पुढचा कागद येत नाही. शेजारचा कायम आहे, तो मीटिंगमध्ये साहेबांना टोकतो आणि त्याला 'कॉन्फिडंट' म्हणतात. मला आत्मविश्वासाच्या वर्कशॉपला पाठवलं, कंपनीच्या खर्चाने. पगारवाढीला मात्र पैसे नव्हते. म्हणून घरोघरी आई-बाप सरकारी नोकरीचा धोशा लावतात, आणि म्हणूनच २०२४ मध्ये नोकरी लावून देतो म्हणत पैसे उकळणाऱ्यांचं फावलं.

शिफ्टवाला

पात्रांव, हे खरंय. पण कायम झालेली पोरंही थिजतात, माझ्या लॅबमध्ये रोज बघतो. दोन्ही गोष्टी असू शकतात.

कंत्राटी

असू शकतात. तुमची सही-तारीख झाली का?

काउंटरवाली

माझं राहिलंच. पुढे एका सिनिअर मॅडमनी आढाव्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडून आकडे मराठीत समजून घेतले, मग म्हणाल्या, "उद्या पहिलं वाक्य तू इंग्रजीत बोल, अडलीस तर मी आहे." अडले. त्यांनी एक शब्द पुरवला. पुढचं आलं. मला कोणी झापलं असतं तर मी राजीनामा दिला असता. आणि बाईमाणूस पुढे बोलायला लागली की दोनच महिन्यांत 'फार बोलते' सुरू होतं, त्यावर काकांचं मत नको आहे.

कुळागर

सापडला बघा प्रॉम्प्टर.

निवृत्त फोंडेकर

ठीक आहे, त्या मॅडमसारखे साहेब असतील तर झापायची गरज पडणार नाही. पण असे साहेब तुम्ही कुठून आणणार? आमच्या खात्यात मी एकही पाहिला नाही, मी स्वतः धरून. पहिलं वाक्य लिहून न्यायचं, तेवढं मान्य. ते मीही करायचो, फक्त सांगत नव्हतो. १९९० चा मुद्दा मात्र सोडलेला नाही. त्यावर वेगळा धागा काढतोय, आज रात्रीच. मांडवीकाठ यांनी तयारीने यावं.