टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिन, सुरू करताना चुकायची सोयच नसेल तर कसला सिम्युलेटर?

वारापंखा:
काल फ्लाइट सिममधल्या फुकटच्या सेसना कॅराव्हॅन विमानावर मुद्दाम वेडेपणा केला. स्टार्टर लावला आणि एनजी, म्हणजे गॅस जनरेटरचे फेरे, १२ टक्क्यांवर जायच्या आधीच इंधनाचा लिव्हर पुढे ढकलला. खऱ्या कॅराव्हॅनच्या पीटी६ इंजिनला असं केलं तर आत हवा कमी, इंधन जास्त, आयटीटी, म्हणजे टर्बाइनमधलं तापमान, भडकणार. स्टार्टला मर्यादा १०९० डिग्री, तीपण दोनच सेकंद, त्यापुढे टर्बाइनची पाती गेली म्हणून समजा. इथे? सुई जराशी हलली आणि इंजिन गुणी बाळासारखं चालू. हसावं की रडावं!

रात्रीचा_पायलट:
अहो पण दिवसभर ऑफिस, मग पोरांचा अभ्यास, दहा वाजता कुठे एक तास मिळतो. मी कंट्रोल ई दाबतो, इंजिन आपोआप सुरू, आणि उडतो. पाती जळाली तरी पैसे कुणाचे जाणारेत? खोटी भीती घेऊन काय करू.

गरगर:
आयटीटीचं राहू द्या, आधी पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, तरी नीट फिरवा म्हणावं. पीटी६मध्ये पंख्याचा शाफ्ट वेगळा, मधे फक्त गरम वायू, म्हणून स्टार्टर लावल्यावर पंखा जरा उशिरा, आळस देत फिरायला लागतो. गॅरेट टीपीई३३१ या दुसऱ्या इंजिनमध्ये सगळं एकाच शाफ्टवर, तिथे स्टार्टरबरोबरच पंखा फिरणार. काही सिमवाले दोघांना एकाच साच्यात घालतात, हे मला जास्त खटकतं.

रात्रीचा_पायलट:
हे मात्र मान्य, डोळ्याला दिसतं ते बरोबर हवं. पण शिक्षा कशाला?

वारापंखा:
शिक्षा नाही हो, त्यामुळे लक्ष राहतं. एक्स-प्लेन या सिमसाठी हॉटस्टार्टवाल्यांनी बनवलेलं टीबीएम ९०० विमान आहे ना, त्यात इंजिन भाजलं तर पुढच्या वेळी विमान तसंच मिळतं. तेव्हापासून मी आधी बॅटरीचे व्होल्ट बघतो, बॅटरी ढिली असेल तर एनजी चढतच नाही. आणि खऱ्या कॅराव्हॅनचा नियम तर अजून कडक, स्टार्टर ३० सेकंद, मग ६० सेकंद थंड होऊ द्यायचा, असं करत तिसऱ्यांदाही नाही पेटलं तर अर्धा तास थांबा. मी घरीपण पाळतो. परवा नुसता बसलेलो बघून बायकोने विचारलं, हँग झालं का?

रात्रीचा_पायलट:
अर्धा तास?? तेवढ्यात माझं कॅराव्हॅन पुण्याहून शिर्डीला पोचतं राव.