'ख्रिस्तविरोधी' की 'ख्रिस्तीविरोधी'?

तारसप्तक: हेवी मेटल गाण्यांच्या शब्दांवरचा एक लेख मराठीत करतोय. 'अँटी-ख्रिश्चन' हे विशेषण त्यात पानोपानी येतं. मी 'ख्रिस्तविरोधी' लिहिलं, संपादकांनी सगळीकडे 'ख्रिस्तीविरोधी' केलं. पहिल्यात विरोध ख्रिस्ताला, दुसऱ्यात ख्रिस्ती माणसांना! बऱ्याच गाण्यांत दोन्ही नसतं. मेटालिका या बँडचं १९९१चं 'द गॉड दॅट फेल्ड' घ्या. त्यांचा गायक जेम्स हेटफिल्डच्या घरी ख्रिश्चन सायन्स पंथ, म्हणजे औषधांऐवजी प्रार्थनेवर भिस्त ठेवणारा. आईला कॅन्सर झाला, तिने उपचार नाकारले आणि त्याच्या सोळाव्या वर्षी ती गेली. गाण्यातला राग श्रद्धेने दुखणं बरं होतं या शिकवणीवर आहे. याला नेमकं काय म्हणायचं?

वेलांटी: 'ख्रिस्ती विरोधी' असं तोडून छापलं, तर 'विरोध करणारा ख्रिस्ती' असाही अर्थ निघेल. 'ख्रिस्तीधर्मविरोधी' लिहा. लांब आहे, पण शुद्ध आहे.

रातकिडा: एवढा लांब शब्द कोण उच्चारणार? मेटल ऐकणारे सगळे 'अँटी-ख्रिश्चन' म्हणतात, तेच ठेवा. आणि विशेषण चिकटवण्याआधी गाणं पुरतं ऐका हो. ब्लॅक सॅबथ बँडच्या १९७१च्या 'आफ्टर फॉरेव्हर'मध्ये पोप दोरीला लटकलेला पाहायला आवडेल का, अशी ओळ आहे. लोक तेवढीच उचलतात. पण तो प्रश्न आहे, आणि देवाची टिंगल करणाऱ्याला विचारलेला आहे! पुढे गाणं सांगतं की तारणारा देवच. लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरातला. मराठीत आणताना तो 'का' गळला की गाणं उलटं झालंच म्हणून समजा.

पदच्छेद: सगळंच असं निरुपद्रवी नव्हतं. ६ जून १९९२ला नॉर्वेत बर्गनजवळचं फांटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, त्यानंतर आणखी चर्च जळली. ब्लॅक मेटल या जहाल उपप्रकारातल्या काही वादकांना शिक्षाही झाल्या. तिथे 'विरोध' हा शब्द फार सौम्य पडतो. 'द्वेष' म्हणा, 'ख्रिस्तद्वेष्टे' म्हणा.

तारसप्तक: जाळणाऱ्यांना जरूर म्हणा. पण तोच शब्द हेटफिल्डला लावला तर आई गमावलेल्या मुलावर अन्याय होईल. मला हाच फरक दाखवणारा शब्द हवाय.

अनुस्वार: 'पाखंडी' का नको? अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, त्यात निंदा नाही. वाईट अर्थ नंतर चिकटला.

वेलांटी: अशोकाच्या काळचा अर्थ आजच्या वाचकाला कसा कळणार? आणि पाखंडी हा आतल्यांनी आतल्याला दिलेला शब्द. स्लेअर बँडचा गायक टॉम अराया कॅथलिक, आणि त्याच बँडचा गिटारवादक केरी किंगने लिहिलेले जहाल शब्द गातो. मग पाखंडी कोण, लिहिणारा की गाणारा?

रातकिडा: आयर्न मेडन बँडला तर यातलं काहीच लागू नाही. १९८२च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'च्या सुरुवातीचं निवेदन बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातूनच घेतलंय. तरी अमेरिकेत धार्मिक गटांनी त्यांना सैतानपूजक ठरवून रेकॉर्डी जाळल्या.

पदच्छेद: त्या 'बीस्ट'ला 'पशू' करू नका बरं का. मराठी बायबलात 'श्वापद' आहे. आणि तो बीस्ट म्हणजे अँटीख्राइस्ट, ख्रिस्ताचा शत्रू, असं सर्रास लिहितात, पण 'अँटीख्राइस्ट' हा शब्द प्रकटीकरणात नाहीच, योहानाच्या पत्रांत आहे.

अनुस्वार: श्वापद म्हणजे मुळात श्वानासारखे पाय असलेलं. प्रकटीकरणातल्याचे पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचं. मग श्वापद कसं चालेल?

वेलांटी: व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवायचा तर निम्मी भाषा टाकून द्यावी लागेल. आज श्वापद म्हटलं की 'हिंस्र' सोबत येतंच, तेवढं पुरे.

रातकिडा: अर्थ जमतो, पण लिंगाचं काय? 'ते श्वापद' म्हटलं की दरारा जातो. 'तो पशू' गाण्यात जास्त चढतो, मी 'पशू'च घेईन.

पदच्छेद: मग बायबल वाचलेल्या मराठी माणसाला संदर्भ कळणारच नाही. श्वापदच हवं.