इंदूर: आमच्या लेखन-कट्ट्यावर अभिप्राय कसा द्यावा? (सल्ला हवा)

रामबागवाली
नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण कोणाच्या तरी घरी जमतो आणि आपापलं लिहिलेलं वाचून दाखवतो. कथा, कविता, आठवणी, जे असेल ते. सगळे हौशी. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी कोचिंगमध्ये शिकवणारं, एक कॉलेजातली मुलगी. उत्साह भरपूर, पण वाचून झालं की गाडी अडते. निम्मी मंडळी "वा, छान, लिहीत राहा" म्हणून चहाकडे वळतात. आणि एक काका ऱ्हस्व-दीर्घ काढत बसतात.

त्या मुलीने मध्यंतरी आजीच्या माहेरावर काही पानं वाचली. काकांनी चुकांची यादी हातात दिली, बाकी कोणी अक्षर बोललं नाही. तेव्हापासून ती आलेली नाही. म्हणते, आमचं मराठी पुण्याचं नाही, हिंदी मिसळलेलं, मग लिहायचंच कशाला?

खरं तर बोलायचं, पण माणूस उठून जाता कामा नये. तुम्ही कसं जमवता? आणि कट्ट्याबाहेर कुठे पाठवावं?

समासातली_खूण
एक बदल करून बघा: लेखकाने स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं. स्वतः वाचताना माणूस आवाजाने वाक्याची डागडुजी करत जातो. परक्याची जीभ जिथे अडखळते तिथे वाक्यातच काहीतरी गडबड असते. लेखकाने ऐकत ऐकत समासात पेन्सिलने खूण करायची, बस.

मग बाकीच्यांना दोनच प्रश्न. काय लक्षात राहिलं? आणि लक्ष कुठे उडालं? आवडलं-नावडलं नंतर, चहाबरोबर. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखक गप्प. हे भलतं जड जातं, पण "मला असं म्हणायचं होतं" सुरू झालं की पान बाजूला राहतं आणि हेतूवर वाद रंगतो.

कवितेचं वेगळं. ती आधी कवीने वाचावी, मग दुसऱ्याने.

गराडू_गरम
वरच्याला अनुमोदन, फक्त एक भर. सुधारून देऊ नका, विचारा.

एका मित्राने आपल्या सराफ्यावर (दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री खाऊगल्ली) लिहून आणलं होतं: "रात्री सराफ्यात नेहमीप्रमाणे खूप गर्दी होती आणि वातावरण उत्साही होतं." हे वाक्य आपल्यापैकी कोणीही घरबसल्या लिहील. मी त्याला माझं वाक्य दिलं नाही, एवढंच विचारलं की तू नेमका कुठे उभा होतास? पुढच्या खेपेला आलं ते असं: "सोन्याच्या दुकानाचं शटर खाली आलं आणि त्याच ओट्यासमोर गराडूवाल्याने कढई मांडली. कुलूप लावता लावता शेठ म्हणाला, सकाळी इथे तेल दिसता कामा नये."

आता मला त्या शेठची आणि गराडू (तळलेला कंद) विकणाऱ्याची भानगड जाणून घ्यायची होती. तेच पुढे विचारलं. त्याची कथा तिथून निघाली, वातावरणाचा परिच्छेद त्याने आपण होऊन उडवला. दुसऱ्याच्या गोष्टीत आपली गोष्ट घुसडायची खोड फार जणांना असते. ती काकांच्या लाल पेनापेक्षा वाईट, असं माझं मत.

निवृत्त_मास्तर
लाल पेनवाल्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, मी त्याच जातकुळीतला. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये जोडलेले ४, एवढाच हा कारभार. एका बैठकीत वाचून होतो.

आपल्याकडची मुलं हिंदी शाळेत शिकतात, तिथे कवि, शक्ति, गुरु असंच लिहायचं असतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, शक्ती, गुरू. 'आणि' व 'नि' हे अपवाद. हे कारण एकदा समजावलं की निम्म्या चुका पुन्हा होत नाहीत. चारचौघांत यादी वाचून मात्र काही साधत नाही. लेख पुरा होऊ द्या, मग वेगळ्या कागदावर लिहून द्या.

हिंदी मिसळण्याचं म्हणाल, तर आजी "काय करून राहिली गं" असं बोलत असेल तर तिच्या तोंडी तेच हवं. निवेदनाची भाषा लेखिकेने एकदा ठरवावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी.

मुरारचा_मुक्काम
मी ग्वाल्हेरचा, म्हणून राहवलं नाही. त्या मुलीला सांगा, राजकवी भा. रा. तांबे १८७३ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या मुंगावलीला जन्मले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरला वारले. साहित्य संमेलन तुमच्या इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरलं. संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, तेही १९६१ मध्ये, आमच्या ग्वाल्हेरला. पुण्याचा दाखला लागतो कशाला?

आणि "ये गं, वाट बघतोय" असा मेसेज पाठवू नका, तो सगळेच पाठवतात. तिच्या पानांतलं तुमच्या लक्षात राहिलेलं काहीतरी लिहून पाठवा.

रामबागवाली
मुरारवाले दादा, पाठवलं. आजी माहेरी गेली तेव्हा भावजयीने तिला पाहुण्यांचं चांदीचं ताट मांडलं आणि ती अर्धपोटी उठली, असं तिने लिहिलं होतं. माझ्या डोक्यातून ते ताट जात नाही, एवढंच कळवलं. तिचं उत्तर आलं: "पुढे आजी चिडते, भावाला खूप बोलते. तसं चालेल का, काकू?" चालेल म्हटलं, आण. मास्तर, तुमचं वेगळ्या कागदाचं आमच्या काकांना पटलंय. पेन मात्र लालच राहणार म्हणतात.

कुठे पाठवायचं ते राहिलंच बघा.

समासातली_खूण
इंदुरातूनच 'श्री सर्वोत्तम' मासिक निघतं, आधी त्याचे दोन-तीन अंक वाचा. इंदूरच्याच महाराष्ट्र साहित्य सभेतही चौकशी करा. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, नवरात्रात पाठवून उपयोग नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा आणि कुठे काय धाडलं ते वहीत टिपून ठेवा. आजीचं ते लिखाण मात्र इतक्यात कुठे पाठवू नका, आधी पुरं होऊ द्या.